खुलासा : ‘बहुतेकांची सोय’ म्हणजे उपयुक्ततावाद नव्हे

नागपुरातल्या खेळाडूंच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘मे महिन्यातले सामने दुपारीच घ्या. बहुतेक संघांना तेच सोयीचं, आणि उपयुक्ततावादही हेच सांगतो.’

नाही सांगत. उपयुक्ततावाद म्हणजे ज्यातून सगळ्यांचं मिळून सुख जास्त आणि दुःख कमी होईल तेच योग्य, असं मानणारा विचार. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमनं १७८९ मध्ये मांडलेल्या त्याच्या हिशेबात नुसती डोकी मोजायची नसतात. दुःख किती तीव्र, किती काळ टिकणारं, पुढं आणखी दुःख आणणारं का, हेही धरायचं असतं. पन्नास जणांची सकाळची धावपळ वाचली, पण आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात एका पोट्ट्याला उष्माघात झाला तर? उष्माघात जीव घेतो. मूत्रपिंडं कायमची निकामी करू शकतो. पन्नासांची सोय त्याच्यापुढं हलकीच. (आणि खेळणारी लेकरं त्या ‘बहुतेकां’त मोजली होती का?) संघटनेनं सामने सकाळी सहालाच ठेवावेत.