व्हिन्सेंटचं नाव का गाळलं?

टाटांच्या विमान टपालसेवेवरच्या तुमच्या लेखात लिहिलंय की १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा विमानानं कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि टाटांची पहिली टपाल फेरी संपली. संपली कुठं हो? टपाल तर मद्रासला जायचं होतं! जुहूवरनं पुढं नेव्हिल व्हिन्सेंट निघाला, बेल्लारीमार्गे मद्रासला, तो कधीकाळी रॉयल एअर फोर्सचा पायलट होता आणि ही सर्व्हिस काढायची मूळ कल्पनाच त्याची, तरी दरवेळी त्याचं नाव गाळलं जातं याचं खरंच वाईट वाटतं.

आम्ही साताऱ्याचे, म्हणून हे जास्तच लागतं. पोराच्या शाळेच्या ॲटलासमध्ये मुंबई ते बेल्लारी पट्टी ठेवून बघा, रेघ सातारा जिल्ह्यावरनंच जाते. प्रत्यक्षात तो नेमका कुठल्या बाजूनं गेला ते सोडा, सह्याद्री तर ओलांडावाच लागला ना, तेही एका इंजिनाच्या छोट्या पुस मॉथ विमानातनं, रेडिओ नाही काही नाही, खाली बघून वाट काढायची. आमच्याकडं ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग घाटावर कसे बसतात हे खंबाटकी घाटात गाडी चालवणाऱ्याला विचारा, हेडलाइट लावूनही पुढचा ट्रक दिसत नाही. जेआरडींबद्दल आदर आहेच, पण अवघड टप्पा घाटावरचाच होता असं माझं ठाम मत आहे. लेखात दोन ओळी व्हिन्सेंटवर टाकाच.