घड्याळ बदललं, डब्लिन तेच

युरोपीय संघाच्या नव्या आश्रय-कायद्यांची अंमलबजावणीची तारीख 12 जून 2026. त्यावरून 'डब्लिन संपलं' असं लिहिलं जातंय. डब्लिन म्हणजे आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणारा युरोपचा जुना नियम. नाव गेलं हे खरं. सूत्र मात्र जसंच्या तसं आहे: माणूस बेकायदा ज्या देशातून आत शिरला, त्याच देशाने त्याचा आश्रयाचा अर्ज तपासायचा.

जुन्या नियमांत घोडं कुठे पेंड खात होतं ते पाहा. इटलीत उतरलेल्या माणसाचे बोटांचे ठसे युरोडॅक या सामायिक नोंदीत जातात. तो जर्मनीत अर्ज करतो, ठसे जुळतात. 'हा माणूस तुमचा, परत घ्या' असं जर्मनीने दोन महिन्यांत इटलीला लिहायचं. इटली गप्प बसली तर मुदतीनंतर तो होकार धरला जातो. इथवर सगळं सुरळीत. पुढे सहा महिन्यांत माणूस प्रत्यक्ष पाठवायला हवा. तो गायब झाला तर 18 महिन्यांत. मुदत टळली की जबाबदारी जर्मनीवर. म्हणजे घेणाऱ्या देशाने टाळाटाळ केली की काम फत्ते, आणि लपून राहणाऱ्यालाही त्यातच फायदा. डिसेंबर 2022 मध्ये तर इटलीने जागा नाही म्हणून अशी माणसं परत घेणंच थांबवलं.

आता गायब झालेल्यासाठी मुदत तीन वर्षं आहे. ठसे 14 ऐवजी सहाव्या वर्षापासून घेणार. पण पहिल्या प्रवेशाच्या देशाची जबाबदारीही 12 वरून 20 महिन्यांवर नेली आहे, म्हणजे ग्रीस-इटलीचं ओझं वाढलंच. भरपाई म्हणून वर्षाला किमान 30,000 माणसांच्या इतर सदस्य देशांत वाटपाचा आकडा धरलाय. माणूस नको असेल तर डोई 20,000 युरो. 2015 मध्ये 1,60,000 जणांचं वाटप ठरलं होतं, प्रत्यक्षात झालं साधारण 35,000 जणांचं. पैसे देऊन सुटायची सोय असताना माणसं कोण घेणार?

सीमेवरची 12 आठवड्यांची झटपट प्रक्रिया मला जास्त खटकते. ज्या देशाच्या 20 टक्के किंवा त्याहून कमी अर्जदारांना संरक्षण मिळतं, त्या देशाचे लोक सरसकट तिच्यात. सरासरीत एकट्यादुकट्याचा खरा छळ बुडून जातो. तो बारा आठवड्यांत कागद कुठून गोळा करणार?

आणि बाहेरून अर्ज करायला दारच नाही. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या छोट्या मुक्कामाच्या परवान्यासाठी, परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो. जीव वाचवायला पळणारा तो कसा दाखवणार? मार्च 2017 मध्ये एका सीरियन कुटुंबाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की आश्रय मागायला येण्यासाठी मानवतावादी व्हिसा देण्याचं बंधन युरोपीय कायद्यात नाही. सुधारणा हवी होती ती इथे.

आपल्याशी याचा संबंध आहे. 2022 मध्ये व्हिसाशिवाय सर्बियात उतरून पुढे ऑस्ट्रियात आश्रय मागणारे भारतीय हजारोंनी होते. युरोपीय संघाच्या दबावाखाली सर्बियाने 1 जानेवारी 2023 पासून भारतीयांची ती सवलत बंद केली. फटका साध्या पर्यटकांनाही बसला. एप्रिल 2025 मध्ये युरोपीय आयोगाने सुचवलेल्या 'सुरक्षित देशां'च्या यादीत भारत आहे. त्यामुळे अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण तो वेगळ्या, वेगवान रांगेत जातो आणि 'मला माझ्या देशात धोका आहे' हे पटवण्याचं ओझं अर्जदारावर येतं. 'तिकडे पोचलास की झालं' म्हणणारा एजंट हे सांगत नाही.