‘गॅप’ आलेला नाही, कमी झालाय

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन पेशंटनी मला एकच व्हॉट्सॲप मेसेज दाखवला. मजकूर थोडक्यात असा: मणक्यात गॅप आला असेल तर व्यायाम बिलकूल करू नका. मणका गाडीच्या टायरसारखा असतो, जितका वापराल तितका झिजतो. वाकणं, वजन उचलणं, जमिनीवर बसणं कायमचं बंद. पट्टा बांधा, फळीवर झोपा. आणि शेवटी, अमुक पाच आसनं एकवीस दिवस करा, गॅप भरून येईल. व्यायाम करू नका आणि पाच आसनं करा, एकाच मेसेजात! लिहिणाऱ्यानं आपलंच लिखाण परत वाचलेलं दिसत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर कंबरदुखीच बघते. म्हणून हे उत्तर.

आधी शब्दाचंच बघू. ‘गॅप आलाय’ म्हटलं की भिंतीला फट पडावी तसं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात दोन मणक्यांमधल्या गादीतलं पाणी वयाबरोबर कमी होतं, ती चपटी होते आणि मणके जवळ येतात. एक्स-रेवर दिसते ती कमी झालेली जागा. म्हणजे गॅप आलेला नसतो, होता तो आटलेला असतो. हा शब्द आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी रूढ केला, हेही कबूल करायला हवं.

आता मेसेजात गृहीत धरलेली पहिली गोष्ट: रिपोर्टमध्ये झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं. हे इतकं सरळ असतं तर किती बरं झालं असतं. २०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३,११० माणसांच्या कंबरेचे स्कॅन होते आणि यातल्या कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज होती. पन्नाशीत हा आकडा ८० टक्क्यांवर जातो, ऐंशीव्या वर्षी ९६ वर. गादी फुगलेली असणं, ज्याला रिपोर्टात ‘बल्ज’ म्हणतात, तेही पन्नाशीतल्या ६० टक्के न दुखणाऱ्या माणसांत सापडलं. डोक्यावरचे पिकलेले केस तपासून डोकेदुखीचं कारण सांगावं, त्यातला हा प्रकार. झिजेचा दुखण्याशी काहीच संबंध नसतो असं मी म्हणत नाही. असू शकतो, पण रिपोर्ट किती भयंकर वाचला जातो आणि माणसाला किती दुखतं, यांचा मेळ फार कमी वेळा बसतो. पाच ओळींचा रिपोर्ट घेऊन पळत आलेला आणि दोन ओळींचा रिपोर्ट घेऊन सरपटत आलेला, दोघंही मी एकाच सकाळी पाहिलेत.

टायरची उपमा सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण ती पटकन पटते. टायर निर्जीव असतो. मोठ्या माणसाच्या गादीला मात्र स्वतःची रक्तवाहिनी जवळजवळ नसते, तरी ती जिवंत असते. वरखालच्या मणक्यांमधून पाझरून येईल तेवढंच पोषण तिला मिळतं. दिवसभर भार पडला की तिच्यातलं पाणी थोडं बाहेर जातं, रात्री आडवं झालं की परत आत येतं. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो. (आणि म्हणूनच उठल्या उठल्या कंबर ताठलेली वाटते, पहिला अर्धा तास जड बादली उचलायला वाकू नका, एवढं मात्र मीही सांगते.)

मग वापरानं झीज किती होते? संशोधकांनी फिनलंडमधल्या ११५ एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्यांची तपासणी केली. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा आणि व्यायामाचा भार हिशेबात धरूनही झिजेतला फारच थोडा भाग त्यानं उलगडला. घराण्यातून आलेल्या गोष्टींचा वाटा कितीतरी मोठा निघाला. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात नियमित धावणाऱ्यांच्या गाद्यांमध्ये, खेळ न करणाऱ्यांपेक्षा, पाणी जास्त आढळलं. धावल्यामुळेच तसं झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण टायरवाल्या हिशेबानं या लोकांच्या गाद्या आधी संपायला हव्या होत्या.

वाकायचं कायमचं बंद, हे सांगणं सोपं आहे. माझ्याकडे एक मावशी येतात, आठवडी बाजारात भाजी विकतात. मुलानं हा मेसेज वाचून दाखवल्यापासून त्यांनी पाटी उचलणं सोडलं होतं. खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर रोवायच्या, श्वास कोंडायच्या, मग एकदम झटक्यानं वर यायच्या. खाली पडलेला रुमाल उचला म्हटलं तर पाठ लाकडासारखी ताठ ठेवून गुडघ्यांत बसल्या. म्हणाल्या, “वाकायचंच न्हाई म्हंत्यात, मग भाजी काय उभ्यानं इकू?” प्रश्न रास्त होता.

त्यांना दिलेला व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. खुर्चीतून हात न टेकता आठ-दहा वेळा उठबस. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलायची. आणि कळशी. रिकामी कळशी आधी स्टुलावरून उचलायची, श्वास न कोंडता. दर आठवड्याला तीत एक तांब्या पाणी जास्त. मग तीच कळशी स्टुलाऐवजी पाटावरून, शेवटी जमिनीवरून. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवळलं तर चालतं. कळ पायात खाली खाली उतरायला लागली तर मात्र थांबायचं, एक तांब्या कमी करायचा. नवव्या तांब्याला त्या पोचल्या तेव्हा तिसरा महिना चालू होता. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी अजून दुखतं, पण पाटी आता त्या स्वतः उचलतात.

पट्टा आणि फळीबद्दल फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या; त्यात व्यायामाची शिफारस आहे आणि कंबरपट्टा व ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका असं सांगितलंय. अंथरुणात पडून राहण्याचं म्हणाल तर १९९५ साली हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला होता. नुकत्याच दुखू लागलेल्या कंबरेसाठी काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना जमेल तसं रोजचं काम चालू ठेवायला सांगितलं. तिसरा गट सगळ्यात आधी बरा झाला. व्यायामवालेही मागे पडले, हे लपवायचं कारण नाही. उसण भरल्यावर पहिल्या आठवड्यात खास व्यायामाची घाई नसते. मी बोलतेय ते तीन महिन्यांहून जुन्या दुखण्याबद्दल.

आता एकवीस दिवसांत गॅप भरण्याचं आश्वासन. ते खोटं आहे, आणि व्यायामाच्या बाजूनं बोललं जातं म्हणून मी त्याला सोडणार नाही. चपटी झालेली गादी आसनांनी फुगून पूर्ववत होत नाही. कोक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे एकत्र आढावे घेणारी संस्था; तिच्या २०२१ च्या आढाव्यात जुनाट कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या २४९ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. वेदना शंभराच्या मापावर, काहीच न केलेल्यांच्या किंवा नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत, सरासरी १५ गुणांनी उतरली. जादू म्हणण्यासारखं यात काही नाही. पण साठवर असलेलं दुखणं पंचेचाळीसवर आलं तर माणूस कामाला जातो, लग्नाच्या पंगतीत बसतो.

शिवाय सगळ्यांना तीच पाच आसनं कशी चालतील? त्यातलं एक भुजंगासन. ज्यांची मणक्यातली नसांची नळी अरुंद झालीय, ज्यांना शंभर पावलं चालल्यावर पाय जड होऊन बसावं लागतं आणि पुढं वाकलं की बरं वाटतं, त्यांना मागं वाकून उलट त्रास होतो. अशांना सायकल बरी.

बाकीच्यांनी निदान चालावं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्यांपैकी ज्यांना फिजिओच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवत चालायला लावलं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले. ज्यांना असं चालायला लावलं नव्हतं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच परत आलं. त्यासाठी लागतात चपला आणि थोडा वेळ.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र हवी होती आणि नेमकी तीच नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर पडली, पाऊल उचललं जात नसेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी आधी तपासावा लागतो. पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, हाडं ठिसूळ आहेत आणि साध्या पडण्यानं कळ सुरू झालीय, तेही आधी डॉक्टरांकडे. असे पेशंट आले तर मी कळशी काढत नाही, चिठ्ठी लिहून पुढे पाठवते.