ओपिनेल नंबर ८: लाकडाच्या मर्जीनं चालणारा चाकू

ओपिनेल नंबर ८ हा फ्रान्सचा घडीचा चाकू. पहिल्यांदा हातात घेतला की "हे खेळणं आहे का?" असंच मनात येतं. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका अंड्याएवढं. मिटलेला असताना लांबी अकरा सेंटिमीटर, पातं साडेआठ सेंटिमीटर. ना स्क्रू, ना क्लिप, ना बटण. जड म्हणजे मजबूत ही आपल्याकडची समजूत, त्यामुळे अनेकजण तिथंच नाक मुरडतात. माझ्या मते घाई करतात.

हलकेपणा कुठून आला ते बघा. लॉक होणाऱ्या बहुतेक घडीच्या चाकूंत मुठीच्या आत दोन्ही बाजूंना स्टीलच्या पट्ट्या असतात आणि वजन मुख्यतः त्यांचंच असतं. ओपिनेलमध्ये त्या नाहीतच. बीचच्या लाकडाचा एकच तुकडा, त्यात पात्यासाठी कापलेली खाच, वरच्या टोकाला एक न हलणारं कडं, त्यावर फिरणारं दुसरं कडं आणि न हलणारं कडं, लाकूड व पातं यांतून आरपार गेलेला एक रिव्हेट. पातं धरून मोजून पाच भाग. लाकूड इथं सजावट नाही, तोच चाकूचा सांगाडा आहे. या चाकूबद्दलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या एका गोष्टीतून निघतात.

जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू १८९० मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधल्या साव्हुआ भागात बनवला, तेव्हा त्याला लॉक नव्हतं. फिरणारं कडं मार्सेल ओपिनेल यांनी १९५५ मध्ये आणलं; त्याचं नाव व्हिरोब्लॉक. २००० पासून ते मिटलेल्या चाकूवरही फिरवता येतं, म्हणजे पातं खिशात आपोआप उघडत नाही.

आता मुख्य मुद्दा. हे लॉक आपोआप बसत नाही. लायनर लॉक किंवा बॅक लॉक अशी आपोआप बसणारी लॉक वापरणाऱ्यांच्या कानाला "टक" आवाजाची सवय असते, पातं उघडलं की लॉक लागलंच. इथं पातं पूर्ण उघडायचं आणि मग कडं स्वतः फिरवायचं. कड्यातली फट पात्याच्या मागून सरकली आणि कड्याचा भरीव भाग तिथं आला की पातं मिटू शकत नाही. कड्याची कडा थोडी उतरती असते, त्यामुळे जितकं फिरवाल तितकं पाचरीसारखं घट्ट बसतं. बोटाच्या जोरानं थांबेल तिथं थांबवा. पकडीनं आवळलेलं कडं पुन्हा सोडवताना हात घसरतो आणि धार समोरच असते. एका हातानं उघडण्यासाठी हा चाकू नाही. ही मला उणीव वाटत नाही, पण ज्यांना वाटते त्यांनी दुसरा घ्यावा.

नवा चाकू आला की दोन गोष्टी तपासा. मिटलेल्या चाकूच्या खाचेवरून कागदाची पट्टी हलकेच ओढा. कागद अडकला किंवा चिरला तर पात्याचं टोक लाकडात पुरेसं बुडत नाही, असा नग बदलून घ्या. मग पातं उघडून, कडं लावून पात्याची बोथट बाजू लाकडी पाटावर हलकेच टेकवून दाबा. कडं मागे सरकता कामा नये. कडं फारच सैल असेल तर ते काढून किंचित दाबून परत बसवता येतं, पण ते काम उजेडात आणि पात्याला चिंधी गुंडाळून करा.

आपल्याकडची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. लाकूड दमट हवेत फुगतं, खाच आवळते आणि पातं नखानं उघडेनासं होतं. अशा वेळी दातानं किंवा पकडीनं ओढू नका. साव्हुआतली जुनी युक्ती आहे: कडं मोकळं करायचं, चाकू घट्ट धरायचा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर आपटायचं. पातं थोडं बाहेर येतं. त्यानंतर उघडा ठेवून दोन दिवस पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, लाकूड तडकतं. तरीही घट्टच असेल तर २२० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती थोड्या थोड्या घासा आणि दर चार-पाच हातांनंतर पातं मिटवून बघा. जास्त घासलंत तर उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर पातं खुळखुळेल. शेवटी खाचेत जवसाचं तेल दोनदा, मध्ये एक दिवस सोडून. रिव्हेटपाशी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

म्हणूनच हा चाकू नळाखाली धरून धुवायचा नाही. पातं ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं, आणि मिटवण्याआधी थोडा वेळ उघडा राहू द्या. ओलं पातं मिटवणं म्हणजे लाकडाला आतून पाणी पाजणं.

पात्यात दोन पर्याय आहेत: कार्बन स्टील आणि स्टेनलेस. कार्बनची धार दगडावर पटकन लागते, पण कैरी किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं तर काही मिनिटांत निळसर-काळे डाग पडतात. घरात लोखंडी विळी वापरणाऱ्यांना हे नवं नाही. काळेपणा हा गंज नव्हे, तो राहू द्यावा; तांबडे ठिपके दिसले तर मात्र लगेच घासून तेल लावा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला आणि विसरभोळ्याला मी स्टेनलेसच घ्यायला सांगेन. देशावरच्या कोरड्या हवेत कार्बन खुशाल घ्या.

कापण्यात मात्र त्याला तोड नाही. पातं पाठीकडे जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड, म्हणून सफरचंद फाकलं न जाता कापलं जातं आणि टोमॅटोची साल दबत नाही. त्याच बारीकपणामुळे डबा उचकटणं, नारळाच्या करवंटीतून खोबरं काढणं, फांदीत खुपसून पिरगाळणं ही कामं त्याची नाहीत. टोक वाकतं किंवा रिव्हेटभोवतीचं लाकूड चिरतं. धारेसाठी १००० ग्रिटचा दगड आणि दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांचा कोन पुरे.

कायद्याचंही विचारलं जातं. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामाची वगळलेली आहेत. नंबर ८ साडेतीन इंचांच्याही आत आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तर चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते, त्यामुळे सभा-मिरवणुकीला जाताना तो घरीच ठेवा. विमानात फक्त चेक-इनच्या बॅगेत, कडं फिरवून बंद केलेला.