जांभळाच्या पॅनेलसाठी गच्ची मोकळी ठेवू नका

सांगलीच्या मामांनी गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला सरकारी अनुदान देणाऱ्या सूर्यघर योजनेतला अर्ज भरून अर्धवट सोडून दिलाय. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज: ‘आयआयटीने जांभळापासून सोलर पॅनेल बनवलं, जवळपास फुकटात मिळणार. सिलिकॉनचं पॅनेल विषारी असतं, आणि ते बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते जन्मात देत नाही. दोन वर्षं थांबा.’ नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर हेच फिरतंय, म्हणून एकदाच लिहितो.

आधी जांभूळ. प्रयोग खरा आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जांभळातलं अँथोसायनिन, म्हणजे जीभ जांभळी करणारं रंगद्रव्य, वापरून सौरघट (सोलर सेल) केला. पण नुसत्या रसातून वीज निघत नाही. वीजवाहक थराची काच लागते. तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीचा सच्छिद्र लेप देऊन तो रंगात भिजवतात आणि समोरच्या काचेमधल्या फटीत आयोडीनचं द्रावण भरतात. ऊन पडलं की रंगद्रव्यातला इलेक्ट्रॉन लेपात उतरतो आणि द्रावण त्याची भरपाई करतं. ओ’रीगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये अशाच घटाचे निष्कर्ष मांडले, तेव्हा रुथेनियम या धातूपासून केलेला रंग वापरून त्यांनी सात टक्के कार्यक्षमतेची, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या सात टक्के ऊर्जेची वीज करण्याची, मजल मारली होती. जांभळाचा घट सुमारे अर्ध्या टक्क्यावर थांबला.

आता हा अर्धा टक्का गच्चीवर मांडून बघा. भर उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात. बाजारातलं २० टक्क्यांचं पॅनेल त्यातले २०० वॅट देतं, म्हणजे तीन किलोवॅटला १५ चौरस मीटर पुरतात. जांभळाचं पॅनेल देणार पाच वॅट. तेवढ्याच विजेला ६०० चौरस मीटर, जवळपास साडेसहा हजार चौरस फूट हवेत! एवढी गच्ची कोणाकडे आहे? त्यात वनस्पतीचा रंग उन्हात विटतो, द्रावण गळतं. कशाची वाट बघायला सांगताय लोकांना? तीन किलोवॅटवर मिळणारं ७८,००० रुपयांचं अनुदान सोडून?

‘विषारी’चं म्हणाल, तर सिलिकॉन वाळूतही असतं. सोल्डरिंगमध्ये थोडं शिसं असतं, पण ते काचेखाली बंद असतं. जुनं पॅनेल भंगारात फेकायचं नाही, एवढं पथ्य पाळा. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेलही येतात.

‘जन्मात वीज फेडत नाही’ हे तर धादांत खोटं. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा अहवाल सांगतो की युरोपातल्या उन्हातसुद्धा पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा साधारण वर्ष-सव्वा वर्षात वसूल होते. आपल्याकडे ऊन त्याहून जास्त.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. सिलिकॉन शुद्ध करायला प्रचंड ऊर्जा लागते आणि चीनमधले बरेच कारखाने कोळशाच्या विजेवर चालतात. म्हणून झाडापानांतल्या पदार्थांवरचं संशोधन व्हायलाच हवं. अमेरिकेत २०१३ मध्ये लाकडातल्या सेल्युलोजच्या पातळ पापुद्र्यावर सौरघट बनवला गेला. काम झालं की तो पाण्यात विरघळवून सुटा करता येतो. त्याची कार्यक्षमता होती २.७ टक्के.