‘चालतंय ना, मग झालं’ हे हिशोबाच्या सॉफ्टवेअरला लागू नाही

नाशिकच्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. कोड साधा ठेवायचा तर अचूकपणाचा हट्ट सोडा, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. ग्राहकाला फरक कळत नाही. चुका नंतर दुरुस्त करता येतात. नुकती कामाला लागलेली मुलं हे मनावर घेतात, म्हणून लिहितोय.

दोन्ही एकत्र मिळत नाहीत? लासलगावच्या कांद्याचीच हिशोबपट्टी घ्या. माल 18.35 क्विंटल, दर क्विंटलला 1,275 रुपये. बरेच जण हे आकडे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे जवळपास साठवणाऱ्या प्रकारात, ठेवतात आणि पुढे राउंडिंगची ठिगळं लावत बसतात. बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीत, 0.1 नेमका मावतच नाही, म्हणून 0.1 अधिक 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं. त्यापेक्षा वजन किलोत ठेवा: 1,835. क्विंटलला 1,275 रुपये म्हणजे किलोला 1,275 पैसे, म्हणून त्याला 1,275 ने गुणा. आलेले 23,39,625 हे थेट पैसेच आहेत, म्हणजे 23,396 रुपये 25 पैसे. भागाकार नाही, दशांश नाही. अचूक तेच, आणि सोपंही तेच.

एसक्यूलाइट बघा. 2000 साली आलेला हा डेटाबेस म्हणजे एक साधी फाइल, सर्व्हरची भानगड नाही. पण त्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे.

ग्राहकाला कळत नाही, हे तर बाजार समितीत कधी उभं न राहिलेल्या माणसाचं बोलणं. हमाली, तोलाई वजा जाता हातात किती पडायला हवेत, हे शेतकरी पट्टी मिळताच मोबाइलवर ताडून बघतो. रुपयाचा फरक निघाला तर जाब व्यापाऱ्याला द्यावा लागतो.

एक मात्र मान्य: काम कांद्याचं असताना ‘उद्या लागेल’ म्हणून टोमॅटोच्या क्रेटचा हिशोब आत्ताच कोंबू नये. पाच रंगांच्या थीमही नकोत.

राहिलं ‘नंतर दुरुस्त करू’. स्क्रीन नंतर बदलता येते. साठवलेल्या नोंदींचं काय? नेटवर्क अडकलं, कारकुनाने ‘सेव्ह’ दोनदा दाबलं, एकाच मालाच्या दोन पट्ट्या झाल्या. काटापट्टीच्या (वजनाच्या पावतीच्या) क्रमांकावर युनिकची अट, म्हणजे एक क्रमांक एकदाच, पहिल्याच दिवशी घातली असती, तर दुसरी नोंद डेटाबेसनेच नाकारली असती. एका ओळीचं काम. हंगाम संपल्यावर तीच अट घालायला गेलात तर आधीच्या दुहेरी नोंदींमुळे ती लागतच नाही. मग एकेक पट्टी काढून खरी कोणती ते व्यापाऱ्याला विचारत बसायचं, आणि तोवर पैसे दोनदा दिले गेलेले असतात.