कुणाचं वाक्य आहे हे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला. दुसऱ्यांदा त्यातली एक गोष्ट पटली, तिच्यावर शेवटी येते.

माध्यम-अभ्यासाच्या विद्यार्थ्यांनी वाचलेल्या अभ्यासग्रंथाचा आराखडा, म्हणजे त्यातल्या मुद्द्यांचं टिपण, कसा काढावा आणि त्याचे संदर्भ कसे द्यावेत, यावर मी लिहिलं होतं. तुमचे आक्षेप तीन. संदर्भ देणं ही स्वल्पविरामांची कारकुनी आहे आणि तिच्यापायी विचार बाजूला पडतो. पुस्तकात अनुक्रमणिका असतेच, मग वेगळा आराखडा कशाला? आणि ‘प्रकरणांच्या क्रमाने जाऊ नका’ हा माझा सल्ला म्हणजे लेखकाने घातलेली वीण उसवणं आहे.

स्वल्पविरामांचं आधी उरकते, कारण तिथे आपलं भांडण नाहीच. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीने २०१९मध्ये प्रकाशनाचं शहर लिहायची अट काढून टाकली. त्याआधी हेच शहर राहिलं म्हणून किती जणांनी बोलणी खाल्ली असतील! असली कामं झोटेरोसारख्या संदर्भ जुळवून देणाऱ्या साधनावर सोपवावीत (तेही अधूनमधून नाव आणि आडनावाची अदलाबदल करतं, तेवढं बघावं) आणि मोकळं व्हावं. पण शहर गेलं तरी शब्दशः अवतरणाचा पानक्रमांक गेला नाही. का गेला नाही, ते मला विद्यार्थिदशेत चांगलंच कळलं.

एका निबंधात मी झोकात लिहिलं होतं : ‘संमतीचं उत्पादन ही चॉम्स्की यांची संकल्पना.’ (चॉम्स्की म्हणजे अमेरिकन विचारवंत नोम चॉम्स्की; संमतीचं उत्पादन म्हणजे प्रचारातून लोकांची संमती घडवणं.) शिक्षकांनी वाक्याभोवती गोल काढून समासात एकच शब्द लिहिला, ‘कुणाची?’ मला वाटलं, संदर्भ द्यायचा राहिला म्हणून असेल. कंसात चॉम्स्की, १९८८ असं टाकून निबंध परत दिला. पुन्हा गोल. मग मुकाट्याने ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’ हे पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर नावं दोन आणि त्यातलं पहिलं एडवर्ड हर्मन यांचं. प्रस्तावनेत लेखकांनीच सांगितलेलं, की हा शब्दप्रयोग अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांचा. त्यांच्या १९२२च्या ‘पब्लिक ओपिनियन’मधला. मी प्रस्तावना वगळून थेट पहिल्या प्रकरणात शिरले होते. हर्मन-चॉम्स्की यांचं स्वतःचं काम होतं ते बातमी ज्यांतून गाळून येते त्या पाच गाळण्यांचं : मालकी, जाहिराती, बातमीचे स्रोत, माध्यमांवर उठवली जाणारी टीकेची झोड आणि कम्युनिस्टविरोध. म्हणजे जे त्यांचं नव्हतं ते मी त्यांच्या नावावर मांडलं, जे त्यांचं होतं त्याचा उल्लेखही केला नाही आणि दोघांपैकी एकाला तर गाळूनच टाकलं. यात स्वल्पविरामाची चूक एकही नव्हती. मी पुस्तक नीट वाचलं नव्हतं आणि संदर्भ देताना ते उघड झालं, एवढंच.

आता अनुक्रमणिकेचं. ती विषय सांगते, पण त्या विषयावर कोण कुणाशी भांडतंय ते सांगत नाही. बेनेडिक्ट अँडरसन यांचं ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ घ्या, माध्यमांच्या वर्गात हमखास नेमलं जाणारं. राष्ट्र म्हणजे कल्पनेतला समुदाय, ही त्यांची मांडणी. पहिल्याच प्रकरणात राष्ट्रवादाचे दुसरे अभ्यासक अर्नेस्ट गेल्नर यांचं एक विधान येतं : राष्ट्रवाद राष्ट्रांना जागं करत नाही, नसलेली राष्ट्रं तो शोधून काढतो. घाईत टिपण काढणारा हे सरळ अँडरसन यांच्या खात्यात टाकतो, ऐकायला सारखंच वाटतं ना! पण अँडरसन ते विधान आणतात ते आपलं वेगळेपण दाखवायला. त्यांचं म्हणणं, गेल्नर ‘शोधणं’ म्हणजे बनाव आणि खोटेपणा असं धरून चालतात. कल्पणं आणि घडवणं या अर्थाने ते घेत नाहीत. हा फरक निसटला तर पुस्तकाचा कणाच निसटला. निबंधाचं शीर्षक मग ‘राष्ट्र : एक खोटी गोष्ट’ असं काहीतरी होतं, आणि लेखकाने नेमकं तेच नाकारलेलं असतं.

दुसऱ्या प्रकरणात वर्तमानपत्राबद्दलची प्रसिद्ध पानं आहेत. तिथे तर थोड्याशा जागेत तीन आवाज आहेत. ‘एकजिनसी, रिकामा काळ’, म्हणजे घड्याळ आणि कॅलेंडरने मोजला जाणारा एकसारखा काळ, ही कल्पना जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांची. आधुनिक माणसाच्या सकाळच्या प्रार्थनेची जागा वर्तमानपत्राने घेतली, हे निरीक्षण जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यांचं. आणि आपण एकट्याने वाचतोय तेच त्याच वेळी हजारो अनोळखी माणसं वाचताहेत ही वाचकाची जाणीव राष्ट्राच्या कल्पनेशी जोडणं, हे अँडरसन यांचं. आराखड्यात या तिघांची नावं वेगवेगळी पडली नाहीत, तर महिन्याभराने तुमच्याच वहीतली ओळ कुणाची ते तुम्हालाही सांगता येत नाही. म्हणून मी तीन खुणा करायला सांगते : लेखकाचा दावा, त्याने दुसऱ्याकडून घेतलेलं, आणि तो ज्याला खोडून काढतोय ते. प्रत्येकीपुढे पान, तेही त्याच क्षणी. नंतर लिहू म्हटलेलं पान सापडत नसतं. आणि हेगेल यांचं मूळ लेखन आपण उघडलं नसेल, तर ‘अँडरसन यांनी दिल्याप्रमाणे’ असं लिहावं. त्यात कमीपणा नाही.

सालाबद्दल तुम्ही ‘एक आकडा, त्याचं एवढं काय’ म्हणालात. अँडरसन यांचं हे पुस्तक १९८३चं. पण जनगणना, नकाशा आणि संग्रहालय यांवरचं प्रकरण १९९१च्या सुधारित आवृत्तीत आलं. त्याला १९८३ साल लावलं, की जे पानच नव्हतं त्याचा दाखला दिल्यासारखं होतं. जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांचं लोकवर्तुळावरचं (म्हणजे लोक सार्वजनिक प्रश्नांवर चर्चा करतात त्या क्षेत्रावरचं) पुस्तक जर्मनमध्ये १९६२चं, इंग्रजीत १९८९चं. नुसतं १९८९ वाचणाऱ्याला वाटेल, घराघरात टीव्ही पोचून किती वर्षं झाल्यावर हा माणूस लिहितोय! एपीएत अशा वेळी दोन्ही सालं तिरप्या रेघेने देतात, १९६२/१९८९ अशी. त्या रेघेवर मी हटून बसते, हे मान्य.

ई-पुस्तकात पानं नसतील तर प्रकरण आणि परिच्छेद सांगा, त्यावर वाद घालायचं कारण नाही.

आता पटलेली गोष्ट. प्रकरणांचा क्रम सोडा, हे मी सरसकट लिहायला नको होतं. माझ्या मनात अँडरसन होते. त्यांच्याकडे वर्तमानपत्राचा धागा दुसऱ्या प्रकरणात सुरू होतो आणि अमेरिका खंडातल्या वसाहतींबद्दल बोलताना चौथ्यात पुन्हा वर येतो, म्हणून तिथे तो वेगळा काढावाच लागतो. पण हर्मन-चॉम्स्की यांच्याकडे पहिल्या प्रकरणात त्या पाच गाळण्यांचं प्रतिमान (मॉडेल) मांडलंय आणि पुढची प्रकरणं एकेक उदाहरण घेऊन ते तपासतात : मध्य अमेरिकेतल्या निवडणुका, पोपवरच्या हल्ल्याच्या बातम्या, इंडोचायनातली युद्धं. हे विषयवार कापून मांडलं, तर दावा कुठला आणि तपासणी कुठली तेच कळेनासं होतं. तुमचा ‘वीण’ हा शब्द इथे अगदी बरोबर बसतो. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलते आहे, आणि हा आक्षेप एका वाचकाचा, असं तिथे लिहिते. तुमचं नाव घातलेलं चालेल का, तेवढं कळवा.